न कोरलेला भोपळा

वसईत होळी नावाच्या नाक्यावर बाजार भरतो, तिथे सकाळी लाल भोपळ्याच्या फोडी मांडलेल्या असतात. सुरी नुकतीच फिरलेली असते, कापल्या कडेवर पाण्याचे थेंब जमलेले असतात आणि त्यातून एक ओलसर, गोडूस वास येत असतो. तो आला की मी मागे सरकतो. भाजीवालीला वाटतं, गिऱ्हाईक भाव ऐकून बिचकलं. तिला काय सांगणार? पत्नीला जाऊन वर्ष होत आलं, आणि बाजारातल्या कुठल्या वस्तूतून ती समोर येईल याचा मला अजून अंदाज बांधता येत नाही.

वसईतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ती इंग्रजी बोलायला शिकवायची. येणाऱ्या बायका बहुतेक पन्नाशी उलटलेल्या. कुणाचा मुलगा कॅनडात, कुणाची मुलगी आयर्लंडमध्ये. बाळंतपणाला जायचं असे, आणि नातवंडांशी बोलता येईल की नाही याची धास्ती असे. व्याकरणाने या बायका थकतात हे ओळखून ती सणांच्या वाटेने भाषा शिकवी. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात वाढताना काय म्हणायचं, नाताळच्या दुसऱ्या दिवशी शेजारणीशी काय बोलायचं, ईस्टरला बागेत अंडी शोधणाऱ्या मुलांना कसं चिडवायचं. ईस्टरचा धडा आला की गावातल्या ख्रिस्ती बायका ऐटीत पुढे सरकून बसत आणि बाकीच्यांना शिकवू लागत. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसे. वाचन कमी, ऐकणं जास्त; वाक्यातल्या नेमक्या शब्दाआधी ती किंचित थांबे, ते मला आतूनही ओळखू येई.

एका वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी हॅलोविनचा धडा होता. तिकडच्यासारखा भुताचा चेहरा कोरायला तिने होळीच्या बाजारातून अख्खा भोपळा आणला होता. टेबलावर वर्तमानपत्र पसरून शेजारी मोठी सुरी ठेवली होती. तिकडे मुलं भुतांचे मुखवटे घालून दारोदार गोळ्या मागतात, हे ऐकून एका ख्रिस्ती बाईंनी नाक मुरडलं. आपण दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबरी धुऊन मेणबत्त्या लावायच्या आणि यांनी त्याआधी मेलेल्यांची सोंगं काढायची, हे त्यांना पटेना. दुसरीची काळजी वेगळीच होती: आतला गर टाकून देतात, तर घारगे कशाचे करतात? त्या हसण्याच्या गलबल्यात पत्नीने सुरी उचलून चंदनसारहून येणाऱ्या मावशींपुढे धरली. मावशींची सून कॅनडात, दिवस भरत आलेले, अवघडलेली, आणि पुढच्याच महिन्यात मावशी तिकडे निघणार होत्या.

मावशींनी हात पदराखाली घेतला. अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नसते, पुरुषाने आधी छेद द्यायचा, नाहीतर घरातल्या लेकराबाळांवर येतं, हे आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत पाळतात. आमच्या घरात ते नव्हतं. पत्नीला असल्या गोष्टींची चीड होती. सरांना बोलवा, असं मावशी म्हणाल्या. मी उंबऱ्यापर्यंत आलोही. माझ्याकडे न पाहता पत्नीने विचारलं, की तिकडे भोपळा चिरायला काय सर विमानाने येणार आहेत? सगळ्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत. तेव्हा पत्नीने स्वतःच सुरीचं टोक देठाशी टेकवलं.

मावशींनी तिचं मनगट धरलं.

"मॅडम, आज नको. सुनेला मगाशी आत नेलीय, ऑपरेशन हाय. त्याच्यानंतर पोराचा फोन लागत नाय. घरात एकटीला बसवंना, म्हनून आले."

मला पत्नीचा हट्ट ठाऊक होता. सुरी तिच्या हातात तशीच होती, आणि मनगटावरची बोटंही सुटत नव्हती. मग ती उठली, सुरी स्वयंपाकघरात ठेवून आली आणि येताना काजळाची डबी घेऊन आली. मावशींनी बोटाने भोपळ्यावर डोळे काढले, तोंड काढलं, आणि सवयीने गालावर तीटही लावली. भूत काही केल्या होईना.

वर्गाची वेळ संपली, पण कुणी उठलं नाही. पत्नीने इस्पितळात लागणारी वाक्यं घेतली. आई कशी आहे, बाळ कसं आहे, मी त्यांना भेटू शकते का. एकेक बाई म्हणत होती. मावशींची पाळी आली की त्या पहिल्या शब्दानंतर फोनकडे पाहत. एकदा फोन वाजला. तो कुणी कर्ज देऊ करणारा होता. ख्रिस्ती बाईंनी फोन हिसकावून त्याला इंग्रजीत असं झापलं, की एरवी पत्नीने त्यांना शाबासकी दिली असती. मग मुलाचा आला. मुलगी झाली होती. आईचा रक्तस्राव मात्र थांबत नव्हता. त्यानंतर वाक्यंसुद्धा बंद पडली. खिडकीबाहेर पूर्ण अंधार झाला तरी दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही. फोन पुन्हा वाजला तेव्हा मावशींनी तो कानाला लावला, बराच वेळ ऐकला आणि छातीशी धरून म्हणाल्या, "डोळे उघडले सुनेनं." पत्नी उठून आत गेली. नळ वाहत होता. खाली भांडं नव्हतं.

सगळ्या गेल्यावर मी विचारलं, तू तर मानत नाहीस ना?

"नाहीच मानत," ती म्हणाली. "पण सुरी माझ्या हातात होती, आणि सून त्यांची."

मावशी कॅनडाला गेल्या त्या तिकडेच रमल्या. पत्नीचं दुखणं पुढे काही वर्षांनी आलं, आणि इस्पितळाच्या बाकावर बसून फोनकडे पाहत राहणं म्हणजे काय, ते तेव्हा मलाही कळलं. ती गेल्यावर आठवड्याने मावशींचा फोन आला. पलीकडे एक लहान मुलगी इंग्रजीत काहीतरी बडबडत होती.

"सर, मॅडमनी सगळ्या सनांना काय बोलायचं ते शिकवलं. ह्याला काय बोलायचं?"

आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही. तेवढ्यात नातीने त्यांना विचारलं असावं, कोण आहे. मावशी तिच्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या की हे माझ्या टीचरचं घर आहे. वाक्य छोटं होतं, सरळ होतं. पण 'टीचर' म्हणण्याआधी त्या किंचित थांबल्या, पुढच्या शब्दाला वाट करून द्यावी तशा. तसं थांबणं माझ्या पत्नीचं होतं. दूर कुठल्याशा थंड गावात, एका स्वयंपाकघरात, ते अजून चालू होतं. आणि ती मुलगी आता ते ऐकूनच बोलायला शिकत असेल.