आमचा कामचालू

ज्या माणसाविषयी लिहायला हैद्राबादच्या आपल्या मराठी मंडळाने मला सांगितलं आहे, त्याच्याविषयी बोलायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. तो होता तेव्हा टाळलं आणि तो गेल्यावरही टाळलं. कुणी विषय काढला की मी चहा मागवायचो. लोकांना वाटायचं, मावसभाऊ गेल्याचं दुःख आहे. दुःख होतंच, पण मी गप्प बसायचो तो भीतीपोटी. "स्मरणिकेसाठी थोडं हलकंफुलकं लिहा, सर," असं आमच्या चिटणीसांनी मला बजावलं आहे. "त्यांच्या अर्धवट राहिलेल्या कामांच्या गमती वगैरे." गमती लिहितो. बाकीचंही लिहिणार आहे. छापायचं असेल तर सगळं छापावं लागेल, नाहीतर कागद मला परत करावा. मी कुणाची मर्जी सांभाळण्याचं वय मागे टाकलं आहे.

तो हाती घेतलेली गोष्ट पुरी करत नसे, हे खरं आहे. ते लपवण्याचं कारण नाही. अंबरपेठेतल्या त्याच्या घरात शिरलं की आधी पायात वायर यायची आणि मग आतून आवाज यायचा, "हल्लू, अण्णा, हल्लू! काम चालू हाय." नोकरी बँकेत, पण जीव कोठी बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत. नवं काही बाजारात आलं की ते त्याच्या टेबलावर पोट उघडून पडलेलं असायचं. लग्नाचं विचारलं तर पन्नाशी उलटल्यावरही तो म्हणायचा, "तेबी चालूच हाय." म्हणून मीच त्याचं नाव 'कामचालू' ठेवलं. राग मानणं दूरच, त्या नावाने हाक मारली की तो ओ देऊ लागला.

नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, म्हणून त्याने गच्चीवरची टाकी भरली की ओरडणारं एक यंत्र केलं. त्यात आवाज त्याचाच होता, "मियाँ, टाकी भर गई, अब बस करो!" पण ते टाकी अर्धी भरली की ओरडायचं. पलीकडच्या गच्चीवरचे खानसाहेब आपलीच टाकी भरली समजून घाईघाईने स्वतःची मोटार बंद करायचे आणि मग त्यांची बादली कोरडी राहायची. एकदा ते कठड्यावरून म्हणाले, "भाईसाब, आपकी टाकी भी आपके जैसीच है." हा इतका हसला की खाली बसला. पुढे वस्तू छापणारं एक यंत्र त्याने कुठूनसं जुनं मिळवलं आणि त्यावर गणपती छापायला घेतला. पोटापर्यंत आला आणि वीज गेली. त्याची आई, म्हणजे माझी मावशी, काचबिंदूने आंधळी झाली होती. तिने बोटांनी चाचपून विचारलं, "सोंड कुटं हाय रे बाबू?" हा म्हणाला, "येईल, आई." मावशी त्या अर्ध्या गणपतीपाशी रोज जास्वंदीचं फूल ठेवायची.

इंटरनेटवर त्याचं व्हिडिओंचं एक चॅनल होतं. कुकरच्या शिट्ट्या मोजणारं यंत्र, जुन्या फोनचा घराच्या दारावर कॅमेरा, असलं काहीबाही त्यात असायचं, आणि प्रत्येक व्हिडिओचं नाव संपायचं 'भाग पहिला' असं. भाग दुसरा कधीच नाही. लोक खाली लिहायचे, दुसरा कधी? हा उत्तर द्यायचा, तुम्हीच करा की. नांदेडकडच्या कुणीतरी खरोखरच कुकरच्या यंत्राचा दुसरा भाग करून पाठवला, तेव्हा याने मला सकाळी सकाळी फोन केला. पेढे वाटायचे म्हणत होता. मी म्हणालो, "काम त्याने पुरं केलं आणि पेढे तू वाटणार?" तो म्हणाला, "अण्णा, पुऱ्या झालेल्या वस्तूला कुणी हात लावू देत न्हाई. अर्धीला कुणीबी लावावा." मला तेव्हा हे आळशी माणसाचं तत्त्वज्ञान वाटलं होतं.

आता मावशीविषयी सांगायला हवं. माझी आई शाळेत शिकवायला जायची तेव्हा परकरी वयातल्या मावशीनेच मला सांभाळलं. काखेत घेऊन ती बेगम बाजारात फिरायची. माझ्या तोंडात पहिली बोली पडली ती तिची. हैद्राबादेतल्या जुन्या मराठी घरांत बोलतात तशी, 'हौ' आणि 'नक्को' यांनी भरलेली, थोडी दखनी, थोडी तेलुगू. बी. एड. करायला मी पुण्याला गेलो. खानावळीत पहिल्याच दिवशी "मला भात नक्को" म्हणालो, आणि वर्षभर मुलं मला 'नक्को' या नावाने हाका मारत राहिली. परत आलो तो जीभ घासूनपुसून आलो. पुढे इथल्या मराठी शाळेत शिकवताना 'हौ' म्हणणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं केलं. मंडळाचा अध्यक्ष झाल्यावर आपण 'शुद्ध' बोलतो याचा मला फार अभिमान होता.

कामचालू बँकेत गेला की मावशी दिवसभर एकटी. फोनची बटणं तिला दिसत नव्हती आणि बोललेलं ओळखणाऱ्या फोनला तिची मराठी कळत नव्हती. तेव्हा याने ठरवलं की आईचं बोलणं कळेल असं यंत्र आपणच करायचं. बेगम बाजारातून स्टीलचा मिसळणाचा डबा आणला, त्यात सगळं बसवलं आणि झाकणाला माइकसाठी भोकं पाडली. मावशीने बोलावं, डब्याने दिवा लावावा, पंखा फिरवावा आणि मुख्य म्हणजे याला फोन लावावा. त्याने मला समजावून सांगितलं, "एकट्या आईचा आवाज पुरत न्हाई, अण्णा. तिच्यावानी बोलणारे पुष्कळ लोक लागतात, तेव्हा मशीन शिकतं. मंडळातले म्हातारे मिळवून द्या."

मी मिळवून दिले. आणि इथेच मी ते केलं, जे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तो रेकॉर्डिंगला जाण्याआधी मी प्रत्येक घरी फोन करायचो. "हे सगळीकडे ऐकलं जाणार आहे," असं सांगायचो. "पुण्या-मुंबईचे लोक ऐकतील. आपलं हसं व्हायला नको. नीट बोला." काही जणांना तर मी वाक्यंही सांगितली. झालं, जन्मभर 'बत्ती बुजव' म्हणणाऱ्या बायकांनी त्याच्या माइकपुढे पदर सावरून 'कृपया दिवा मालवा' म्हटलं. त्याने ते ऐकलं आणि तो माझ्याकडे आला.

"अण्णा, हे लोक असं कसं बोलायलेत? गंगूबाई तर बातम्या दिल्यावानी बोलल्या. मी निघाल्यावर जिन्यात भाजीवाल्यासंगं भांडल्या, तवा खऱ्या बोलल्या."

"माइकपुढे माणूस जपून बोलतो," मी म्हणालो.

"असंल," तो म्हणाला. माझ्यावर त्याचा विश्वास होता. मोठा भाऊ, त्यात मराठीचा शिक्षक.

त्या आवाजांवर डबा शिकला. घरी मावशीचं बोलणं त्याला कधी कळायचं, कधी नाही. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात तो दाखवावा असा आग्रह मी धरला. कामचालू नको म्हणत होता. "अजून काम चालू हाय, अण्णा. लोकांपुढं नक्को." मी म्हणालो, "तुझं काम कधी चालू नसतं? मंडळाचं नाव होईल." शेवटी मी माझ्या वडीलकीचा धाक घातला आणि तो आला.

स्टेजवर टेबल, टेबलावर डबा, बाजूला दिवा. मावशीला नवं लुगडं नेसवून खुर्चीत बसवलं होतं. आधी अध्यक्ष म्हणून मी म्हणालो, "दिवा लाव." दिवा लागला. टाळ्या पडल्या. मी म्हणालो, "दिवा मालव." दिवा गेला. पुन्हा टाळ्या. मग मावशी पुढे झुकली.

"बत्ती लाव रे."

डबा म्हणाला, "माफ करा, समजलं नाही."

"बत्ती लाव की रे राजा. ऐकू येईना का तुला?"

"माफ करा, समजलं नाही."

लोक हसू लागले. मावशी एखाद्या हट्टी पोराला समजवावं तशी त्याला समजवत राहिली आणि तो दर वेळी माफी मागत राहिला. मग तिला हसणं ऐकू आलं. जिकडून हसणं येत होतं तिकडे तोंड करून तिने हात जोडले. "माजीच बोली खराब हाय, बाबांनो."

त्या क्षणी मी खरं सांगू शकलो असतो. माइक माझ्याच हातात होता. मी म्हणालो, "घाबरू नका, काम चालू आहे!" सभागृह हसण्याने दणाणलं. माझ्या भाषणांत इतका हशा मला कधी मिळाला नव्हता.

तो हसला नाही. डबा पिशवीत घातला आणि आईला धरून खाली उतरवलं. जिन्यापाशी त्याने मला विचारलं, "अण्णा, ह्याला तुमचं कळतंय, आईचं न्हाई. असं कसं झालं?" त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच कारण हवं होतं. मी म्हणालो, "तुझं तू बघ."

त्यानंतर मावशी डब्याशी बोलली नाही. एका दुपारी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडली, मांडीचं हाड मोडलं. संध्याकाळी हा बँकेतून येईपर्यंत ती तशीच फरशीवर होती. डबा वरच्या फळीवर चालू होता. "त्याला हाक का मारली न्हाईस?" याने विचारलं. ती म्हणाली, "तेला माजं कळत न्हाई. उगं लाज वाटते." डब्याला त्या दिवशी कळलं असतं की नाही, कोण सांगणार? पण तिने हाक मारून तरी पाहिली असती. आम्ही, म्हणजे मी, तिचं तोंड बंद केलं होतं. ती अंथरुणातून उठली नाही. काही महिन्यांनी गेली.

मला वाटलं, आता हा डबा अडगळीत जाईल. तसं झालं नाही. त्याने जुनी सगळी रेकॉर्डिंगं पुसून टाकली आणि नव्याने घरोघर जाऊ लागला. या खेपेला मला न सांगता. मी विचारलं, "आता लोक नीट बोलतात का?"

"आता मी अगोदर भांडण लावतो. तेलुगू लोकांचं चारू चांगलं का आपली आमटी, येवढं विचारलं तरी पुरं होतं. भांडताना माणूस शुद्ध बोलत न्हाई, अण्णा."

हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता की हातातल्या वायरीकडे, ते मला आठवत नाही. आठवायला हवं होतं.

"पण आता कुणासाठी करायचं हे? मावशी तर गेली."

"तुमच्यासाठी. तुम्ही म्हातारे व्हायलात."

आता मंडळातल्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. त्याच्या शोकसभेत तुम्ही "गुणी होता, पण काही तडीस नेलं नाही" असं म्हणालात आणि मी अध्यक्षांच्या खुर्चीत मान डोलावली. ती मान मी परत घेतो. त्याचं जे काम खरोखर मोलाचं होतं ते मी बिघडवलं, आणि तुम्ही मला साथ दिलीत, कारण तुम्हालाही आपल्या आयांच्या बोलण्याची लाज वाटत होती. तुमची नातवंडं मराठी वाचत नाहीत म्हणून तुम्ही दर सभेत रडता. ती मराठी बोलतील तरी कशाला, जिची तुम्हालाच लाज वाटते? त्याने नव्याने गोळा केलेले आवाज आज माझ्या कपाटात आहेत. त्यात तुमची माणसं आहेत. भांडतायत, हसतायत, एकमेकांना शिव्या घालतायत. त्यातली कितीतरी आता नाहीत. तो कामचालू होता, हौ, होता. ज्याला पुढे न्यायचं असेल त्याने माझ्या घरी यावं. शुद्ध बोलण्याची अट नाही.

त्याची माफी मागायला म्हणून मी अनेकदा अंबरपेठेला गेलो. दारात पोचलो की धीर सुटायचा आणि मी खिशातून फोन काढायचो. "जरा बघ रे, आवाज बारीक येतोय." तो बघून द्यायचा, चहा पाजायचा आणि कोपऱ्यापर्यंत सोडायला यायचा. मूत्रपिंडाच्या आजाराने तो शेवटचा दवाखान्यात पडला तेव्हा मात्र मी बसमध्ये माफीचं वाक्य पक्कं करून गेलो होतो. कॉटजवळच्या स्टुलावर बसलो. त्याचा चेहरा सुजला होता. मी घसा साफ केला.

"काय झालं, अण्णा? फोन बिघडला का?"

मी फोन काढून त्याच्या हातात दिला. सुई टोचलेल्या हाताने त्याने तो उलटसुलट केला, काहीतरी दाबलं आणि कानाला लावून पाहिला.

"ह्याला काईच झालं न्हाई की."

"नाही ना?"

"न्हाई. चांगला चालायलाय."

"मग बरं झालं," मी म्हणालो. फोन खिशात ठेवला, बसची वेळ झाली म्हणून सांगितलं आणि उठलो.