सपाट दोन चमचे

मुलीनं सशाच्या पिंजऱ्यावर चिकटवलेला सूचनांचा कागद मी पहिल्याच सकाळी सशाला खाऊ घातला. मुद्दाम नाही. चष्मा घरात राहिला होता, म्हणून कागद सोडवून पिंजऱ्यावर ठेवला आणि आत गेलो. आत चहा तयार होता. चहा घेऊन, पेपर चाळून, चष्मा लावून बाहेर येतो तर सशानं कागदाचं टोक जाळीतून आत ओढलेलं, आणि वरून खाली, एकही ओळ न गाळता, तो बहुतेक सगळा संपवलेला. हाती लागला तो शेवटचा तुकडा. त्यावर होतं : ‘यापेक्षा जास्त अजिबात देऊ नका, पप्पा.’

कशापेक्षा, ते सशाच्या पोटात.

आमची मुलगी आदल्या दिवशी पुण्याला गेली होती, फार्मसीला. कुणाला किती गोळ्या द्यायच्या याचं शास्त्र शिकायला. हॉस्टेलमध्ये सशाला प्रवेश नव्हता, कारण त्याची बारावी झालेली नव्हती. त्यामुळे संगमनेरच्या दुकानातून दीड वर्षापूर्वी खोक्यात घालून आणलेला हा पांढरा गृहस्थ, त्याचा पिंजरा, त्याच्या खाद्याच्या गोळ्यांचा डबा आणि वाळलेल्या गवताची एक पिशवी, एवढा संसार आमच्या पडवीत राहिला. तिनं त्याला एक इंग्रजी नाव ठेवलेलं आहे. ते मला नीट म्हणता येत नाही. बायको त्याला ‘पाहुणे’ म्हणते.

आता कुणीही म्हणेल, फोन करून विचारायचं. पण मी गावातल्या दूध संस्थेचा सचिव आहे. वीस वर्षं रोज सकाळी दूध घालायला आलेली माणसं कॅन ठेवता ठेवता मला विचारतात, ‘सचिव, कालवडीला खुराक किती घालू?’, ‘सचिव, गाभण हाय, पेंड वाढवू का?’ आणि मी रजिस्टरातून मान वर न करता उत्तर देतो. मान वर न केल्यामुळे उत्तराला वजन येतं, असा माझा अनुभव आहे. अशा अधिकारी माणसानं अठरा वर्षांच्या पोरीला फोन करून सांगायचं, की बाई, वीतभर जनावराला किती घालू ते मला माहीत नाही, आणि तू लिहून दिलं होतंस ते त्यानंच खाल्लं?

मी शास्त्रीय मार्गानं गेलो. सशाला घमेल्यात बसवून पेंडीच्या काट्यावर ठेवला. घमेलं वजा जाता दोन किलो दोनशे भरला. आमच्याकडचा ढोबळ हिशेब असा, की चारशे किलोच्या गाईला दिवसाला चार किलो खुराक. म्हणजे शंभराला एक. त्या हिशेबानं पाहुण्यांना बावीस ग्रॅम येत होते.

बावीस ग्रॅम गोळ्या मी तळहातावर घेऊन पाहिल्या. तळहाताच्या खळग्यातच राहिल्या. एवढं पाहुण्याच्या पुढ्यात ठेवलं तर आमच्या भागात ठरलेली सोयरीक मोडते. हिशेबात काहीतरी चूक आहे हे माझ्या लगेच लक्षात आलं. आयुष्यात एकदाच माझं गणित पहिल्या फटक्यात बरोबर आलं होतं, आणि नेमकं तेच मी खोडलं.

मग संस्थेतलं सगळ्यांत लहान, शंभर मिलीचं माप घरी आणलं. गाईंना धारेच्या वेळी खुराक असतो, तसा सशालाही ठेवला. सकाळी धारेला एक माप, संध्याकाळी धारेला एक माप, दोन्ही शीग लावून. त्याची धार काढायची नव्हती, ही गोष्ट मी फारशी मनावर घेतली नाही.

आमच्या दोन गाईंचं सगळं बायको बघते. मी गाईंचं फक्त बोलतो. तिनं तिसऱ्या दिवशी गोठ्यातून येता येता विचारलं, “पाहुण्यांना वैरण टाकली का?”

“अगं, त्या गोळीतच सगळं असतं. प्रथिनं, क्षार, जीवनसत्त्वं. डब्यावर छापलंय.”

“गाईच्या पोत्यावर बी छापल्यालं असतं की. मग मी रोज कडबा कुणाला तोडते, तुमाला?”

ससा हे वेगळं जनावर आहे, असं मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “व्हय, ते तर दिसतंयच,” आणि निघून गेली. बघत होती मात्र माझ्याकडे.

खरं सांगायचं तर मला त्या डब्याच्या झाकणाचं व्यसन लागलं होतं. झाकण वाजलं की ससा मागच्या दोन पायांवर उभा राहायचा, पुढचे पाय जाळीवर, कान ताठ. वीस वर्षांत मला बघून कुणी उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. संस्थेच्या सभेत तर मी उभा असलो तरी सभासद आडवे असतात. त्यामुळे दिवसातून दोनदा वाजायचं ते झाकण चार-पाचदा वाजू लागलं. संध्याकाळचं संकलन आटोपून, फॅट काढून, पावत्या देऊन घरी आलो, की क्रेट पालथा घालून पिंजऱ्याशेजारी बसायचो. तो खायचा, मी बोलायचो. कुणाच्या दुधात आज पाणी होतं, कोण भांडून गेलं, कालव्याला पाणी कधी सुटणार. पूर्वी या वेळेला मुलगी क्लासवरून यायची आणि सायकल लावता लावता तिची दिवसभराची बडबड सुरू व्हायची. आता बडबड माझ्याकडे आली होती. ससा ऐकून घ्यायचा. तोंड भरलेलं असलं की कुणीही ऐकून घेतं. दुपारी बोनस म्हणून गाईंच्या घासातला मूठभर लसूणघासही मी त्याला टाकत असे.

पाहुणे गुटगुटीत झाले. मानेखाली एक गादी आली. बसले की उशी ठेवल्यासारखे दिसत. वाळलेल्या गवताच्या पिशवीकडे त्यांनी पाठ फिरवली होती. पंचपक्वान्नं सोडून भाकर कोण खातो, म्हणून मला त्यात त्यांची रसिकता दिसली.

मुलीचा फोन रविवारी येतो. येतो तो आईला. माझ्या हातात येईपर्यंत तिच्या मोबाईलची बॅटरी दोन टक्क्यांवर आलेली असते. मी आपण होऊन फोन करत नाही. ती अभ्यासात असेल, मैत्रिणींत असेल, बापाचा फोन आला की मुली जागा बदलतात, असं मी ऐकून आहे.

“पप्पा, तो कसाय?”

“मजेत.”

“गोळ्या किती घालता?”

“तू लिहिलंयस तेवढ्याच.”

“शनिवारी येतेय मी. पहिल्यांदा त्यालाच घेणारे.”

“ये की,” मी म्हणालो. बॅटरी संपली.

हे रविवारी. गुरुवारी सकाळी झाकण वाजवलं आणि ससा उठला नाही. पुन्हा वाजवलं. मग डब्यावर वाटी वाजवली. तो कोपऱ्यात अंग आखडून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. आदल्या संध्याकाळचं माप तसंच होतं. आणि रोज पिंजऱ्याखाली पडणारा काळ्या लेंड्यांचा सडा, तो नव्हता. एकही लेंडी नव्हती.

पोट हाताला घट्ट लागत होतं. मला शनिवार दिसायला लागला. मुलगी फाटकातून आत येतेय, बॅग टाकतेय आणि पडवीकडे धावतेय. आणि मी तिथं क्रेटवर बसलोय, शेजारी रिकामा पिंजरा. 

संस्थेत रोज गाई तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना मी फोन लावला. घाईत एवढंच म्हणालो, “डॉक्टर, घरच्या जनावरानं खाणं सोडलंय, पोट फुगलंय, रवंथ बंद आहे.” ससा रवंथ करत नाही, हे नंतर आठवलं. पाचव्या मिनिटाला मोटारसायकल दारात. डॉक्टर सरळ गोठ्यात शिरले, खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवत. दोन्ही गाई निवांत रवंथ करत त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“कोणती?”

मी पडवीकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी सशाकडे पाहिलं, मग हातमोज्याकडे, मग माझ्याकडे. हातमोजा उतरवून पिशवीत ठेवला. सशाचा मिटलेला डोळा तेव्हा जरा उघडल्यासारखा वाटला.

“सचिव, ससा आमच्या पुस्तकात शेवटी होता. आणि परीक्षेला यायचा नाही,” ते म्हणाले. पण नळी लावून त्यांनी पोट बराच वेळ ऐकलं. पुण्यात कुत्र्यामांजरांचा दवाखाना असलेल्या आपल्या मित्राला फोन लावला, बाजूला जाऊन बोलले, आणि परत येऊन मला विचारलं, “खायला काय घालता?”

मी माप दाखवलं.

“दिवसाला एवढं?”

“वेळेला एवढं. वर थोडा घास.”

“आणि सुकं गवत?”

मी गवताची पिशवी दाखवली. ती गच्च भरलेली होती. डॉक्टर क्रेटवर बसले.

“सचिव, तुमच्या संस्थेच्या भिंतीवर फळा हाय. त्याच्यावर काय लिहिलंय?”

फळ्यावर माझ्याच अक्षरात, माझ्याच हातानं रंगवलेलं आहे : ‘आधी वैरण, मग खुराक.’ दर दिवाळीला मी ते पुन्हा गिरवतो. ज्यांच्या गाई खुराक जास्त होऊन आंबवणानं, म्हणजे पोटात आम्ल वाढून, बसल्या, अशा किती जणांना मी त्या फळ्याकडे बोट दाखवून चार लोकांत गप्प केलंय.

“गाईला सांगता, सशाला सांगायला काय झालं होतं?” डॉक्टर म्हणाले. “ह्याचं आतडं चालतं ते सुक्या गवतावर. गवत चघळलं तर दात झिजतात, न्हाईतर वाढत राहतात. गोळी म्हणजे तोंडी लावायला. तुम्ही लोणच्यावर जेवण केलंत त्याचं.”

त्यांनी एक सुई दिली, पाठीच्या कातडीखाली थोडं सलाईन दिलं. गोळ्या बंद, घास बंद, पुढ्यात फक्त गवत आणि पाणी, हलकं पोट चोळत राहा, फिरायला मोकळं सोडा. “संध्याकाळपर्यंत लेंडी पडली तर जिंकलात. नाही पडली तर मला फोन करा, पुण्याला हलवावं लागेल. आणि तेवढा वेळ मिळेल का, ते आत्ता सांगता येत न्हाई.”

त्या सकाळी मी संस्थेत गेलो नाही हे, आणि कशामुळे तेही, गावात तासाभरात कळलं. बायको कोयता घेऊन बांधावर गेली आणि मारवेलाचं उभं वाळलेलं गवत पदरात घेऊन आली. पिशवीतलं विकतचं नाही, आमच्या बांधावरचं. पडवीत पोतं अंथरून तिनं सशाला मोकळा सोडला. तो दोन पावलं सरकायचा आणि बसायचा. मग ती त्याच्या शेजारी मांडी घालून बसली आणि गाईच्या पोटावर हात फिरवावा तसा, पण दोन बोटांनी, त्याचं पोट चोळू लागली. मी गवताची एक एक काडी त्याच्या नाकासमोर धरत होतो. वीस वर्षं लोकांना वैरणीचं महत्त्व सांगणारा माणूस, पालथा पडून, एका सशाची मनधरणी करत होता. त्यानं तोंड फिरवलं. मी त्या बाजूला गेलो. त्यानं पुन्हा फिरवलं.

“आता गप बसा जरा,” बायको म्हणाली. “तुमाला बघून त्याला झाकण आठवत असंल.”

मी लांब खांबाला टेकून बसलो. दुपार उलटली. उसाची ट्रॉली रस्त्यानं धडधडत गेली तेव्हा सशाचे कान हलले. मग बऱ्याच वेळानं त्यानं मारवेलाची एक काडी ओढली. कुरकुर आवाज आला. बायकोनं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. दुसरी काडी. तिसरी. आणि धारेची वेळ व्हायच्या जरा आधी पोत्यावर लेंड्या पडल्या. मोजल्या, सात होत्या. बारीक, वेड्यावाकड्या, पण सात.

मी तसाच संस्थेत गेलो. संकलन सुरू झालं होतं, रांग लागलेली. चेहरा बघून सगळे थांबले. “सात पडल्या,” मी म्हणालो. कॅन घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या सभासदानं शांतपणे विचारलं, “फॅट किती लागली?”

रांग हसली. मीही हसलो, कारण त्याच्या गाईच्या आंबवणावर मागच्याच महिन्यात मी ह्याच रांगेसमोर व्याख्यान दिलं होतं. त्यानं आजवर काही उत्तर दिलं नव्हतं. ते असं जपून ठेवलेलं होतं.

मुलीला मी शनिवारीच सगळं सांगितलं. ती बॅग न ठेवता पोत्यावर बसली होती, ससा मांडीवर. कागदापासून लेंड्यांपर्यंत सगळं. ती रागावेल, रडेल असं वाटलं होतं. ती त्याच्या मानेखालची गादी चाचपू लागली.

“किती लिहिलं होतंस गं?” मी विचारलं.

“दोन चमचे, पप्पा. पोहे खायचा चमचा. सपाट. दिवसाला.”

“ग्रॅममध्ये किती होतात?”

“वीस-बावीस होतील.”

मी तळहाताचा खळगा पाहिला.

“लहान होता तेव्हा हवं तेवढं खाल्लं तरी चालायचं,” ती म्हणाली. “आता मोठा झालाय ना तो. मोठं झाल्यावर एवढं लागत नाही.”

रविवारी दुपारी तिला नाशिक-पुणे रस्त्यावर बसमध्ये बसवून आम्ही दोघं घरी आलो. जाताना तिच्या बॅगेत मी चिवड्याचा आणखी एक डबा कोंबत होतो. तिनं तो काढून माझ्या हातात दिला होता. घरी येऊन मी सशाच्या पुढ्यात गवताची पेंढी ठेवली, पोह्यांच्या चमच्यानं दोन चमचे गोळ्या मोजल्या, वरून बोट फिरवून सपाट केल्या आणि माप परत संस्थेत न्यायला पिशवीत टाकलं. मग क्रेट पालथा घालून बसलो. ससा गवत खात होता. माझ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

बायको धारेची बादली घेऊन गोठ्याकडे निघाली होती. पडवीत थांबली. माझ्या खिशातून मोबाईल काढून तिनं माझ्या हातात दिला.

“पोरीशी बोलायचं होतं, तर तिला फोन करायचा,” ती म्हणाली. “सशाला कशाला जेवायला घालत बसलात?”