गोरज मुहूर्तावरच्या भोरड्या

प्रत्यक्ष गणपतीला चौकात ताटकळत ठेवण्याची हिंमत उभ्या मुलखात एकाच माणसाने केली असेल, ते म्हणजे आमच्या गावचे बँडमास्तर. पलूसच्या बाजूला त्यांच्या क्लॅरिनेटवाचून लग्न लागलं, तर लोकांना ते लागल्यासारखं वाटत नसे. लग्नसराईत मास्तरांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. सकाळी नव्या गाण्याची चाल बसवायची, दुपारी ती बँडवाल्यांकडून घोटून घ्यायची, संध्याकाळी वाजवायची. आणि एवढ्या धबडग्यात आभाळात, झाडावर, बांधावर काही दिसलं की हा माणूस जागच्या जागी थांबायचा. तालमीत खिडकीशी बुलबुल बोलला की हात वर. "थांबा रं. त्यो बगा कसा समेवर येतोय!" ढोलवाल्याची काठी तशीच हवेत. पाटणच्या वर डोंगरातल्या एका गावाला विसर्जनाची मिरवणूक होती, तर वाटेत डोंगर कारवीने जांभळा झालेला दिसला म्हणून त्यांनी टेम्पो थांबवला. "ही सात वर्सांनी फुलती, गड्यांनो. गणपती काय, दरसाल येतोय." लाल कोट आणि सोनेरी झालरीतला अख्खा बँड फुलांत उभा, आणि तिकडे चौकात गजानन ट्रॉलीवर बसून वाट बघतोय.

मला या गोष्टींची मोठी गंमत वाटायची. माझं लग्न ठरेपर्यंत. मुलगी शेजारच्याच गावची आणि मुहूर्त गोरज. सूर्य बुडता बुडता अक्षता पडल्याच पाहिजेत, असा सासऱ्यांचा हुकूम. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या घड्याळापुढे गुरुजीसुद्धा चळचळा कापत. मी घोड्यावर, पुढे मास्तर, परण्याची मिरवणूक झकास चाललेली. मांडव हाकेच्या अंतरावर आला आणि शाळूच्या रानाजवळ, वळणावर क्लॅरिनेट बंद. पाठोपाठ ढोल बंद. मग घोडाही थांबला. सासरे मांडवातून धावत आले.

"आवं मास्तर, मुहूर्त चाललाय!"

"मुहूर्त गुरुजी दुसरा काढत्याल, सुभेदार. ह्ये कोण काढंल?" म्हणत मास्तरांनी क्लॅरिनेट आभाळाकडे केलं.

रानावर भोरड्या आल्या होत्या. हजारो. शेतकरी एरवी गोफणीने हाकलतात, तीच ही पाखरं. मावळत्या आभाळात थवा एकदम वळला, काळाकुट्ट झाला, पसरला, पुन्हा गोळा झाला, आणि एवढ्या पाखरांत कुणी कुणाला धडकेना. पंखांचा आवाज डोक्यावरून गेला. खरं सांगतो, मी लग्न विसरलो. सासऱ्यांनी घड्याळाचा हात हळूच खाली घेतला. "ही कवायत ह्यांस्नी शिकवतं कोण?" एवढंच पुटपुटले.

भोरड्या रानात उतरल्या तोवर मुहूर्त टळला होता. लग्न लागलं, पण बायकोने मास्तरांना काही माफ केलं नाही. तिचंही बरोबर होतं. सगळं गाव आभाळ बघत होतं आणि ही आत हार घेऊन उभी. बँड गप्प झाला म्हणजे नवरदेवाला काहीतरी झालं, असंच तिला वाटलेलं. "हितं माझा जीव गेला हुता, आन् ह्यांस्नी पाखरं बघायची हुती!" हे लग्नाच्या प्रत्येक वाढदिवशी ऐकावं लागे.

पुढे डीजे आले, बँड मोडला, मास्तर थकले. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ते मोपेडवरून आमच्या दारात हजर.

"सूनबाई, चला. तुमचं बगायचं ऱ्हायलंय."

ही रागातच निघाली, पिठाचे हातही न धुता. त्याच वळणावर थवा आला. तिने डोळे पुसले तेव्हा गालाला पीठ लागलं.

"आता लागला मुहूर्त," मास्तर म्हणाले.

यंदा मास्तरांना धाप लागते. डॉक्टरांनी घराबाहेर पडायला मनाई केलीय. परवा आम्ही दोघंच वळणावर जाऊन उभे राहिलो, तर हिचा फोन वाजला. मास्तर होते.

"आल्या का?"

हिने फोन आभाळाकडे उंच धरला आणि थवा डोक्यावरून जाईपर्यंत तसाच धरून ठेवला. मग कानाला लावला.

"आजून जरा थांब, पोरी," मास्तर म्हणाले.

तिने पुन्हा हात वर केला.