चावीची खिडकी

खिडकीच्या गजांतून आधी दादांचा तळहात बाहेर यायचा. मान खाली, नजर टेबलावर. मग एकच शब्द.

"बिल्ला."

ऑपरेटर आपला पितळी बिल्ला त्या तळहातावर ठेवी. दादा तो उलटून बघत, मागच्या फळीवरची चावी काढत, तिच्या जागी बिल्ला अडकवत आणि चावी बाहेर सरकवत. समोर कोण उभं होतं, हे त्यांना पुष्कळदा ठाऊकही नसे.

उमरेडकडच्या एका उघड्या कोळसा खाणीत मी हजेरी बाबू होतो. पत्र्याच्या भिंतीपलीकडे दादांचं चावीघर. सत्तरनंतरची वर्षं. खाणीत घराएवढाली यंत्रं आली होती, आणि त्यांतल्या एकाची चावी जरी भलत्याच्या हाती पडली तरी माणसं मेली असती. म्हणून बिल्ल्यांची पद्धत. पिवळ्या टिळ्याच्या बिल्ल्यावर डंपर मिळे, हिरव्यावर माती लोटणारा डोझर, लालवर कोळसा उपसणारं मोठं शॉवेल. हेल्परच्या पांढऱ्या बिल्ल्यावर काहीच मिळत नसे. परीक्षा पास झाल्याशिवाय रंग बदलायचा नाही.

आम्ही दोघंही नागपुरात राहणारे, सकाळच्या एकाच एसटीने जाणारे. कंडक्टर पुढे येताच दादा पास उघडून धरत. तो बिचारा रोज हसायचा, "काका, वळखतो ना मी तुमाले!"

"वळखू नोको. पास पाह्य."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या शिस्तीला आपण आधी हसतो, मग वैतागतो. मीही वैतागून एकदा विचारलं, "दादा, समोरच्याकडे बघायला काय लागतं हो?"

त्यांनी पास घडी करून खिशात ठेवला.

"आमच्या गावात लोकं आधी तोंड पाहत, बाबू. मंग दार उघडाचं का नाही ते ठरवत. माय-बाप नागपुरात दीक्षा घेऊन आले, तवा मी पोरगा होतो. तरीबी दारं बंदच होती. बिल्ल्याले जात नाही. बिल्ल्याले तोंडच नाही. ज्याचा रंग, त्याची चावी."

त्यानंतर मी त्यांना हसलो नाही.

त्यांचा धाकटा भाऊ आमच्याच खाणीत हेल्पर होता. गोरटेला, हसरा, सगळ्यांत मिसळणारा. एकदा ऑपरेटर गैरहजर होता, तेव्हा तो खिडकीशी येऊन लाडीगोडी करू लागला. "दे ना गा दादा. एकच फेरी मारतो. मले येते चालवता."

"पांढरा हाय," दादा म्हणाले आणि तळहात आत घेतला.

भाऊ चिडला. घरी अबोला धरला, पण जिद्दीने शिकला आणि पास झाला. पिवळा बिल्ला घेऊन पहिल्यांदा खिडकीशी आला, तेव्हाही दादांनी मान वर केली नाही. उलटून पाहिलं, चावी सरकवली. पण तो गेल्यावर पत्र्याच्या फटीला डोळा लावून, डंपर चढणीआड जाईपर्यंत उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाबू, आज चहा माह्याकडून."

पुढे भावाचं लग्न झालं. दोन्ही बिऱ्हाडं एकाच अंगणात, आणि भावाच्या डब्यातली एक भाकर दादांच्या डब्यात हमखास असे.

हिवाळ्यातल्या एका सकाळी ढिगाऱ्यावर माती टाकायला गेलेला भावाचा डंपर मागे सरकला, कड खचली, आणि डंपर त्याला घेऊनच खाली गेला.

चौकशी झाली. यंत्र ठीक होतं, बिल्ला बरोबर होता, चावी ज्याची त्यालाच दिली होती. कुणाचीच चूक निघाली नाही.

अंगणात प्रेत आणलं तेव्हा मी तिथे होतो. भावाची बायको आधी रडलीच नाही. ती सरळ दादांसमोर येऊन उभी राहिली. "तुमी देल्ली ना चावी? देताना त्यायच्या तोंडाकडं पाह्यलं तरी का, भाऊजी?"

त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

मला मात्र ते एकदा बसमध्ये म्हणाले, "तिचं बरोबर हाय. लई आठवून पाहतो, बाबू. त्याचा हात आठवते, बिल्ला आठवते. त्या सकाळचं तोंड आठवतच नाही. बरं नव्हतं का त्याले? झोप झाली नव्हती का? हासत होता का? पाह्यलंच नाही मी."

नवऱ्याच्या जागी तिला नोकरी मिळाली. वरच्यांनी कागदावर नेमणूक केली ती चावीघरात. दोघांमधलं कुणाला ठाऊक नव्हतं, किंवा कुणी विचारच केला नाही. दोघं एका टेबलाशी बसू लागली. दादा फळीवरचे खिळे दाखवत, रंग समजावत. ती मान हलवी. काम सोडून एक शब्द नाही.

ती खिडकीत बसू लागली, आणि ती आधी तोंडाकडे बघे. एका डोझरवाल्याला तिने परत पाठवलं. "डोळे लाल हायेत तुमचे. ताप हाय. घरी जा."

"माहा बिल्ला हिरवा हाय ना!" तो ओरडला. "दादा, सांगा ना गा हिले!"

दादा उठले. मला वाटलं, आता चावी देतील. त्यांनी तिच्या हातातली चावी घेतली आणि फळीवर परत अडकवली.

दादा निवृत्त झाले आणि लवकरच खाटेला खिळले. छातीत कोळशाची धूळ साचली होती. ड्यूटीवरून आल्यावर तीच त्यांना पेज भरवी, असं मला त्यांच्या घरच्यांकडून कळलं. मी भेटायला गेलो तेव्हा मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मग मात्र ते माझ्या चेहऱ्याकडे इतकं टक लावून बघत राहिले की मलाच नजर चुकवावी लागली.

थोड्याच दिवसांत ते गेले.

कामावर परतल्यावर ती जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन बसली. आपण होऊन कधी न येणारी बाई.

"बाबूजी, जायच्या आधी भाऊजीनं मले इचारलं. इतक्या वर्षांनी. म्हणे, त्या सकाळी तो कसा दिसत होता वं? तू तं डबा देल्ला होता, तू पाह्यलं असशील."

"मग?"

"मी म्हनलं, हासत होते. तुमचंच नाव काढून हासत होते. तवा त्यायनं डोळे मिटले."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"आमचं भांडण झालं होतं, बाबूजी, त्या सकाळी. मी डबा उंबऱ्यावर ठेवला अन् पाठ फिरवून आत गेली. मीबी नव्हतं पाह्यलं."

भोंगा झाला. खिडकीशी माणसं जमू लागली होती. ती उठून आत गेली.