मी न लावलेली बोली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढं उभा राहतो तेव्हासुद्धा हे सोडून बाकीचं बोलतो — त्याला माहीतच असणार, असं म्हणून पुढं सरकतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं का? नसतं.

नांदेडला माझं रंगाचं दुकान आहे. डिस्टेंपर, ऑइलपेंट, पुट्टी, ब्रश. वडिलांनी घातलेलं, मी चालवतो. लोक मला सरळ माणूस म्हणतात. मापात खोट नाही, शब्दाला पक्का. असं कुणी तोंडावर म्हटलं की मला नामदेवमामा आठवतात, आणि मी खाली वाकून कपाटात काहीतरी शोधायला लागतो.

नामदेवमामा पेंटर, उमरीचे. रोज सकाळच्या गाडीनं नांदेडला यायचे, माझ्याकडून माल घेऊन कामावर जायचे. नवा डबा उघडला की आधी अंगठ्याच्या नखावर एक टिपका घेऊन उन्हात धरणार. रंग नखावर खरा बोलतो म्हणायचे. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, पण मला मालकच म्हणायचे.

रंगाच्या डब्यात झाकणाखाली एक टोकन असतं. ते पेंटरचं. मोबाइलवर स्कॅन केलं की कंपनीच्या ॲपमध्ये त्याच्या नावावर पॉइंट जमा होतात. पण मामांकडं बटणांचा फोन, आणि ॲपमधलं इंग्रजी वाचणार कोण? म्हणून आमच्याकडं रीतच पडली होती — जुने पेंटर टोकनं आणून गल्ल्यावर ठेवणार, आणि मी दुकानाच्या मोबाइलवर ज्याची त्याच्या खात्यात चढवणार. मामा तर टोकनं पुसून, रबर लावून आणायचे. बाकीचे पेंटर पॉइंटांवर मिक्सर घेत, कुकर घेत. मामांनी चार वर्षं एकही पॉइंट मोडला नाही.

कारण मामी. मामींना काचबिंदू होता. एक डोळा गेलेला, दुसरा जात चाललेला. आहे तेवढं टिकवायचं बघू, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि मामींची इच्छा एकच — दिसतंय तोवर समुद्र बघायचा. आमच्याकडं पाणी म्हणजे गोदावरी. या काठावरून तो काठ दिसतो. ज्याला पलीकडचा काठच नाही असं पाणी त्यांना बघायचं होतं. औषधं आणि बुडणारा रोज यांच्यात ते काही बसत नव्हतं.

कंपनी वर्षातून एकदा सदस्यांसाठी ॲपवर लिलाव ठेवते. वस्तूंचा नाही, अनुभवांचा, असं त्यांचं म्हणणं. कधी स्टेडियममध्ये बसून मॅच, कधी विमानानं दिल्ली. पैसे नाहीत, पॉइंटांचीच बोली. त्या वर्षी होतं — समुद्रात जहाजावर दोन रात्री, दोघांसाठी, जाण्यायेण्यासकट. मी मराठी करून सांगितलं तेव्हा मामांनी मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "मालक, समदे लावा. एक बी मागं ठिवू नका." त्यांच्याकडं एकेचाळीस हजार पॉइंट होते.

लिलाव संध्याकाळी पाचला बंद होणार होता. मामा कामावर, शिडीवर. दुपारभर मी बोली थोडी थोडी चढवत होतो. पाचला दहा मिनिटं असताना कुणीतरी ती अडतीस हजारांवर नेली. तुमची बोली मागे पडली आहे, असं लाल अक्षरांत आलं. खाली बटण. मामांचे अजून तीन हजार हातात होते.

इथं — इथं मी नेहमी थांबतो. मनातल्या मनात सांगतानासुद्धा इथं गिऱ्हाईक आलं म्हणतो, रेंज गेली म्हणतो. दोन्ही खोटं. दुकानात कुणी नव्हतं, आणि रेंज भरपूर होती.

त्या दिवशी जेवताना बायको म्हणाली होती, पेंटरची बायको जहाजात बसणार आणि मालकाची बायको पुट्टीची पोती मोजणार! हसत म्हणाली, विसरूनही गेली. माझ्या मात्र ते पोटात जाऊन बसलं. मीही समुद्र बघितलेला नाही. पन्नाशी उलटली तरी दुकान बंद ठेवायला नको म्हणून कुठं गेलो नाही. आणि ज्याचं ॲप मी चालवतो, ज्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, तो माणूस परत येऊन माझ्याच गल्ल्यापुढं जहाजाच्या गोष्टी सांगणार? आणि मी ऐकायच्या? मला मामांचा हेवा वाटला. बायकोवर ढकलत नाही. थट्टा तिनं केली, पोटात मी ठेवली.

मी मोबाइल उपडा घातला आणि फडकं घेऊन डबे पुसायला लागलो. मधे एकदा — दोन-तीन मिनिटं उरली असतील — हात मोबाइलकडं गेला. गेला, आणि परत डब्यावर आला. तेव्हा विचार करायला वेळ मिळाला नाही, असंही मला म्हणता येत नाही.

लावली असती तर मिळालीच असती का? समोरच्यानं अजून पुढं नेली असती, असं मी कितीदा स्वतःला समजावलंय! पण पाच वाजून गेल्यावर मी मोबाइल सुलटा केला. लिलाव अडतीस हजारांवरच बंद झाला होता.

सहाला मामा आले. हातपाय धुऊन, डोक्याचं फडकं सोडून आले होते, देवळात यावं तसे. मी मान वर न करता सांगितलं, कुणीतरी पन्नास हजारांवर नेली. त्यांनी सोडलेलं फडकं पुन्हा डोक्याला गुंडाळलं. मग माझ्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या मालक. तुमी तरी दिसभर त्याच्यामागं बसून राहिलात. आमच्या नशिबात न्हाई, तुमी काय करणार?" आणि मला चहा पाजला. मी तो प्यालो.

पुढच्या लिलावापर्यंत थांबता येत नव्हतं, जुन्या पॉइंटांची मुदत मार्चअखेर संपत होती. मामांनी त्यातून पंखा घेतला. बाकीचे पॉइंट सुनेच्या भांड्यांत गेले. मी त्या दोघांना माझ्या खर्चानं पाठवू शकलो असतो. कोकण काही सातासमुद्रापार नाही. त्या वर्षी मी दुकानाला काचेचं दार बसवलं.

दीडेक वर्षानं मामांच्या नातवाच्या बारशाला उमरीला गेलो. मामींचा दुसरा डोळाही तोवर गेला होता. त्यांनी आवाजावरून ओळखलं. "मालक आले व्हय? बसा." मामा पाहुण्यांना पाणी द्यायला उठले तेव्हा त्या माझ्याकडं सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मालक, तुमी तर बघितला असंल. कसा असतो ओ समुद्र?"

मी बघितलेला नाही — एवढं तरी खरं बोलायचं! तेही जमलं नाही. मी सांगायला लागलो. टीव्हीवर बघितलेलंच सगळं. लाटा, फेस, ओली वाळू. काठाशी पाणी मातकट असतं, पुढं हिरवट होतं, मग निळं, मग इतकं गर्द की काळं वाटावं. रंगवाल्याला छटांची काय वाण? मी सांगत राहिलो, आणि त्या मान तिरकी करून ऐकत राहिल्या. डोक्यावर तो पंखा फिरत होता. शेवटी म्हणाल्या, "लई चांगलं सांगितलं. ह्यांना असं सांगता येत न्हाई."

मामा अजून टोकनं घेऊन येतात. परवा म्हणाले, घरी कुणी पाहुणं आलं आणि समुद्राचं नाव निघालं की ही सांगती, मला मालकांनी दावला समुद्र. सांगताना ते हसत होते. मी त्यांची टोकनं एकेक करून स्कॅन करत होतो.