किनाऱ्यावरची दुसरी पंगत

गेल्या वर्षी पावसाळा संपत आला असताना, एका शनिवारी दुपारी, माझे वडील समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये जवळजवळ तासभर बेपत्ता होते. शेवटचे ते जेवणाच्या हॉलबाहेर दिसले. त्यांच्या मनगटावर रिसॉर्टचा निळा पट्टा होता आणि अंगात नेहमीपेक्षा जास्त इन्शुलिन. पट्टा सगळ्यांना दिसत होता. इन्शुलिनचं फक्त तिघांना माहीत होतं: आईला, बहिणीला आणि मला.

आम्ही सात जण तिथे होतो. आमच्या घरचे चार, व्याह्यांचे तीन. बहिणीचा साखरपुडा महिनाभर आधी मल्लेश्वरममध्ये झाला होता. व्याही मूळचे बेळगावकडचे. इंदिरानगरात त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. लग्नाआधी दोन्ही घरांनी चार दिवस एकत्र काढावेत ही कल्पना त्यांची, आणि रिसॉर्टही त्यांनीच ठरवलं. एकदा पट्टा बांधला की राहणं, खाणं, पिणं सगळं त्यात आलं. बेंगळुरूहून पहाटे दोन गाड्या निघाल्या, घाट उतरून संध्याकाळी पोहोचल्या.

जाहिरातीत निळा समुद्र होता. प्रत्यक्षात किनाऱ्यावर दोरी बांधलेली होती आणि लाल निशाण लावलेलं होतं. पोहण्याच्या तलावातलं पाणी हिरवं होतं. दुरुस्ती चालू आहे असं सांगण्यात आलं. गाद्यांना ओल्या गोणपाटाचा वास येत होता. कॉटेजेसच्या लांबच लांब ओळी होत्या, सगळ्यांच्या भिंती सारख्या, दारं सारखी, प्रत्येक ओळीत तेच नंबर. ओळीचं अक्षर कोपऱ्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असायचं, पण खाऱ्या हवेने बहुतेक पाट्यांवरचा रंग उडाला होता. हॉलपर्यंत नेणारी बॅटरीची गाडी मागवली की "पाच मिनिटं" असं उत्तर मिळायचं आणि बहुतेक वेळा चालतच जावं लागायचं.

आमच्याकडून कोणी तक्रार केली नाही. आईने पहिल्याच रात्री बहिणीला बजावलं होतं, "त्यांनी हौसेनं आणलंय. गादी ओली असली तरी छान म्हणायचं." तक्रार केली ती विहीणबाईंनीच.

"काय ओ हे, हॉटेल हाय का गोदाम?"

व्याह्यांचा चेहरा पडला. वडील घाईने म्हणाले, "छे, छे, हवा बघा ना. आमच्याकडे अशी हवा कुठे?"

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते अकरा वर्षं इन्शुलिन घेत आहेत. बेंगळुरूत आमच्यासारखी मराठी घरं एकमेकांना ओळखतात, आणि मल्लेश्वरममधला औषधवाला आमच्यातलाच आहे, म्हणून अण्णा इन्शुलिन राजाजीनगरहून आणतात. घरी पाहुणे आले की फ्रिजमधला डबा मिरच्यांच्या पिशवीखाली जातो. बहिणीसाठी आलेल्या आधीच्या एका स्थळाला अण्णांनी आपल्या आजाराबद्दल स्वतःहून सांगितलं होतं. त्या घरून पुढे निरोप आला नाही. कारण तेच होतं का, याची खात्री करता आलेली नाही. पण त्यानंतर घरात ठरलं की लग्न लागेपर्यंत कोणाला सांगायचं नाही.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणात जिलबी होती. व्याही स्वतः ताट घेऊन आले.

"घ्या की ओ व्याही, एक तरी!"

"स्वल्प पुरे. पोट भरलंय."

"पोटाला काय कळतंय? पट्टा बांधलाय हाताला, वसूल करायला नको?"

अण्णांनी दोन जिलब्या खाल्ल्या. सकाळी नाश्त्याला केसरीभात, म्हणजे तुपातला गोड शिरा होता, तोही असाच वाढला गेला. आग्रह मोडणं म्हणजे कारण सांगणं, आणि कारण सांगायचं नव्हतं. आईने नंतर सांगितलं त्यावरून, शनिवारी दुपारी अण्णा तिला म्हणाले होते, "आजही ते सोडणार नाहीत, थोडं वाढवूनच घेतो." किती वाढवलं ते त्यांनी सांगितलं नाही. इन्शुलिनचं पेन ते चष्म्याच्या घरात ठेवत. न्हाणीघराचं दार लावून त्यांनी ते घेतलं आणि आम्ही जेवायला निघालो.

घरी याचा एक क्रम ठरलेला आहे. अण्णा सुई ठेवतात, आई कुकर उघडते. मधे अर्धा तासच असतो; त्याहून उशीर झाला तर साखर उतरू लागते.

हॉलचं दार बंद होतं. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीची माणसं आत जेवत होती, सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट. मॅनेजर म्हणाला, आमची दुसरी बॅच, जरा थांबावं लागेल.

"म्हणजे दुसरी पंगत," व्याही म्हणाले. "चालतंय की. पहिल्या पंगतीत पोरं जेवतात, दुसरीत मानाची माणसं!"

"सरी, सरी, चालेल," अण्णा हसून म्हणाले.

आम्ही बाहेरच्या वेताच्या खुर्च्यांवर बसलो. वेळ जात होता. दार उघडत नव्हतं. अण्णांनी रुमालाने कपाळ पुसलं. थोड्या वेळाने पुन्हा पुसलं. काचेपलीकडे भाताची परात दिसत होती. आत जाऊन एक घास मागता आला असता. पण का, ते सांगावं लागलं असतं. आईने हळूच म्हटलं, "बॅगेत बिस्किटं आहेत."

अण्णा उठले. "चष्मा खोलीत राहिला. घेऊन येतो."

"चष्मा तर डोळ्यावर हाय की!" विहीणबाई म्हणाल्या.

सगळे हसले. अण्णाही हसले. "वाचायचा, वाचायचा," असं म्हणत ते पायऱ्या उतरले. मी उठू लागलो, तर आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दोघं गेलो असतो तर ते लक्षात आलं असतं.

दार उघडलं तेव्हा अण्णा आलेले नव्हते. त्यांचा फोन खुर्च्यांसमोरच्या टेबलावरच होता. मी धावत खोलीवर गेलो. दार बंद होतं. दुसऱ्या कार्डाने उघडून बघितलं. बिस्किटांचा पुडा बॅगेत होता, न फोडलेला. म्हणजे अण्णा खोलीपर्यंत पोहोचलेच नव्हते.

मी परत आलो तोवर मॅनेजरने रखवालदाराला बोलावलं होतं. रखवालदाराने कन्नडमध्ये विचारलं, "त्यांना काही आजार आहे का?"

व्याही शेजारी उभे होते. आई म्हणाली, "नाही. ठणठणीत आहेत."

मग रखवालदार म्हणाला, पांढऱ्या शर्टातले एक अज्जा समुद्राकडे जाताना दिसले होते. त्याबरोबर सगळे समुद्राकडे धावले. मीही धावलो. आईचं उत्तर मी ऐकलं होतं आणि ते खोडलं नव्हतं.

दोरीपलीकडे वाळू ओली होती. लाटा उंच येत होत्या आणि परत जाताना वाळू ओढून नेत होत्या. एका ठिकाणी तपकिरी चपलांचा जोड पडलेला होता. आई त्यांच्याकडे बघत उभी राहिली. त्या अण्णांच्या आहेत की नाहीत हे तिला सांगता येईना. तिने एक उचलली, उलटी केली, परत ठेवली, पुन्हा उचलली. होणारे मेव्हणे गुडघाभर पाण्यात शिरले. रखवालदार रिकाम्या समुद्राकडे बघून शिट्टी वाजवत होता. मॅनेजर फोनवर कोळ्यांची होडी मागवत होता. विहीणबाई मोठ्याने देवाचं नाव घेत होत्या. तिथे किती वेळ गेला ते कोणी मोजलं नाही.

शेवटी आई म्हणाली, "ह्यांच्या नाहीत. ह्यांच्या चपलेला अंगठा आहे."

तेव्हा बहीण व्याह्यांसमोर जाऊन उभी राहिली. तिचं लग्न ज्या घरात ठरलं होतं त्या घराच्या कर्त्या माणसाला ती सरळ म्हणाली, "अण्णा इन्शुलिन घेतात. अकरा वर्षं झाली. आजही घेतलंय आणि वर जेवलेले नाहीत."

आईने तोंडावर पदर धरला.

व्याह्यांनी एवढंच विचारलं, "किती वेळ झाला?"

"तुम्ही दुसरी पंगत म्हणालात, त्याच्या आधी."

"मग समुद्राकडं कशाला येतील ते? खोलीकडं गेले असणार. ओळी बघा! एकेक ओळ धरा!" असं म्हणत, लाटांनी भिजलेल्या विजारीने आणि आपल्या चपला हातात घेऊन, ते जड शरीराचे गृहस्थ धावत सुटले.

अण्णा त्यांनाच सापडले. आमच्या ओळीच्या मागच्या ओळीत, आमच्याच नंबरच्या दारासमोर. पाठ दाराला टेकलेली, पाय पसरलेले, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. खोलीचं कार्ड पायरीवर पडलं होतं. चुकीच्या दाराला ते कार्ड लावत राहिले असावेत. पाहिलेलं कोणी नाही. डोळे उघडे होते, पण आम्ही समोर आलो तरी ते फिरले नाहीत.

"शटर," अण्णा म्हणाले. "शटर वर कर."

अण्णांचं चिकपेठेतलं कापडाचं दुकान चार वर्षांपूर्वी बंद झालं.

शेजारच्या खोलीची सफाई चालू होती. बाहेरच्या ढकलगाडीवर चहाच्या साखरेच्या पुड्या होत्या. बहिणीने त्या दातांनी फाडल्या आणि ती बोटाने साखर अण्णांच्या हिरड्यांवर चोळत राहिली. व्याह्यांनी त्यांचं डोकं धरलं होतं. विहीणबाई पुड्या देत होत्या. "अजून एक घे बाळ, अजून एक," एवढंच त्या म्हणत होत्या. रिसॉर्टच्या प्रथमोपचाराच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेला होता. बॅटरीची गाडीही आली नाही. व्याह्यांनी आपली गाडी बागेतून, कुंड्या पाडत, थेट ओळीपर्यंत आणली. वाटेत अण्णांचे डोळे मिटले आणि हाका मारूनही उघडले नाहीत.

तालुक्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "किती युनिट घेतले होते?"

आई म्हणाली, "रोज बारा." मग व्याह्यांकडे न बघता म्हणाली, "आज जास्त. काल जिलबी झाली होती. किती ते मला माहीत नाही."

डॉक्टरांनी तेवढंच लिहून घेतलं. शिरेतून ग्लुकोज सुरू झालं. साखर चढली, पुन्हा उतरली. किती इन्शुलिन अंगात आहे ते माहीत नसल्याने रात्रभर ठेवावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. मेंदूवर परिणाम झाला आहे का, हे शुद्धीवर आल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. आम्ही पलंगाभोवती उभे राहिलो.

संध्याकाळी अण्णांनी डोळे उघडले. छताकडे बघितलं, सलाइनच्या बाटलीकडे बघितलं, मग आईला नावाने हाक मारली. आई वाकली. व्याही पायथ्याशी उभे होते. ते अण्णांना दिसत होते की नाही, सांगता येत नाही.

"त्यांना कळलं का?" अण्णांनी विचारलं.

"हो," आई म्हणाली.

नर्सने अण्णांच्या बोटाला सुई टोचून पुन्हा साखर बघितली. ती एकशे चार होती.