शमाआपाचं जांभळाचं दार

वादळानं आडवं केलेलं, तिघांच्या कवेत न मावणारं जांभळाचं झाड तुमच्या हाती दिलं, तर तुम्ही काय कराल? सरपणच ना? मढच्या पंचांनीही तेच ठरवलं होतं. पण जुन्नरची शमाआपा आडवी आली. वडलांच्या मागं त्यांची लाकूड कापायची गिरणी एकटीनं चालवणारी बाई.

"लाज नाय वाटत? तालमीला दार नाय म्हणून रडता, अन् असलं लाकूड चुलीत घालता? मी देते दार करून. पावसात फुगून अडकलं तर गिरणीला कुलूप लावीन!"

वनखात्याचा कागदही तिनंच आणला. बुंध्याच्या फळ्या पडल्या.

तालमीचे कारभारी दादाभाऊ म्हणाले, "आपा, जत्रा म्हैन्यावर आली."

"मग यंदा गोणपाट बांधा. लाकूड ओलं हाय. वरीस लागंल."

दादाभाऊंना धीर कुठला! चार फळ्या परस्पर उचलल्या अन् कुरडया घालाव्यात तशा स्लॅबवर उन्हात पसरल्या. आठवड्यात फळ्या वाकल्या, टोकांपासून हातभर चिरल्या. गाव बोलू लागलं, "जांभूळच वाईट. आपा बुडाली."

शमा तडक मढला आली. चिरलेली फळी पारावर आपटली. "लाकूड चांगलंच हाय, दादाभाऊ. उतावळे तुमी!"

उरलेल्या फळ्या तिनं सावलीत रचल्या. ओल टोकांतून आधी निघते आणि तिथंच चीर जाते, म्हणून टोकांना शेणमातीचा लेप दिला. मधे वारा खेळायला पट्ट्या, वर वजनाला दगड. दर शुक्रवारी त्यातलाच एक तुकडा वजनकाट्यावर ठेवायची. सलग पाच शुक्रवार वजन हललं नाही, म्हणजे ओल सरली, तेव्हाच सुताराला रंधा लावू दिला.

पुढच्या जत्रेला दार बसलं. दादाभाऊ हसले, "पावसाळा तर येऊ द्या, आपा!"

मढच्या पावसात घरोघरची दारं फुगतात, खांदा दिल्याशिवाय हलत नाहीत. ऐन श्रावणात शमा मुद्दाम आली. सगळी तालीम गोळा झालेली. दादाभाऊ खांदा पुढं करून सरसावले.

"खांदा नको राव, करंगळी लावा!"

लावली. आठ फुटी दार मुकाट उघडलं. तालमीत अशी आरोळी उठली की पारावरची म्हातारी माणसंही धावत आली.

"लई भारी, आपा," दादाभाऊ हात जोडून म्हणाले. "हरलो."

श्रावणात धबधबे बघायला माळशेजला जाताच की तुम्ही. वाटेत मढला गाडी थांबवा, आणि ते दार स्वतःच्या करंगळीनं लोटून बघा.